चौऱ्याण्णव आकड्याचे टायर

पाळी, डिचोली
१६ फेब्रुवारी २०२५

चि. साईश यास,

आशीर्वाद. फोंड्याला तुम्ही सगळी बरी असाल. तुझी काकी पद्मावती गुडघ्याला तेल चोळते नि मला बोल लावते, म्हणजे तब्येत ठीक समज. बाळीला दात येताहेत असं सूनबाई सोनाली म्हणाली. पावाचा कडक काठ चावायला द्या तिला.

आता तू आत घर मांडलंस त्या गाडीचं. तू फोटो पाठवलेस ते टायर बघितले. रबर नवं आहे, नक्षी खोल आहे. पण बाजूला मापापुढे ९४ लिहिलंय, तो वजनाचा आकडा. असा एक टायर सहाशे सत्तर किलो पेलतो, मागचे दोन मिळून तेराशे चाळीस. तुझ्या गाडीचं मागचं वजन काट्यावर चौदाशे साठ आलं, तेही पाण्याची टाकी रिकामी नि माणसं खाली उभी असताना. पलंग, ओटा, सिलिंडर, सगळं तू मागेच बसवलंस. टाकी भरून, सगळ्यांनी आत बसून परत काट्यावर जा. मग त्याच मापाचा, पण टेम्पोला घालतात तो टायर घे. मापाशी इंग्रजी सी असतो. आकडा १०२ च्या खाली नको.

हे फोनवर सांगितलं तर तू हसलास. "काका, तूच शिकवलंस मा? हवा टाइट आसली की टायर वजन पेलता."

मीच शिकवलं. खाणीच्या ट्रकांवर आम्ही तेच करायचो. माल जास्त, तर हवा जास्त. वीस वर्षं माझ्या टायरच्या दुकानात कोणी मला आकडा विचारला नाही, मीही वाचला नाही. पण जादा हवेने टायर कडक दिसतो, त्याची ताकद वाढत नाही. हे मला कधी कळलं ते सांगायलाच हे पत्र लिहितोय.

खाणी बंद पडल्यावर तुझ्या बापाने व्हॅन घेतली. जत्रेत खाज्यांचं दुकान मांडायचं आणि मागे झोपायचं, म्हणून फळीचा पलंग ठोकला. टायर मी घातले. कारचेच, नक्षी बघून. दादाने विचारलं होतं, "शांता, हे बारीक नाय मरे?" मी म्हटलं, "तू खाजी तळ, टायर माझ्यावर सोड."

हळर्णच्या जत्रेहून परतताना भर दुपारी व्हॅन उलटली. मी पोचलो तेव्हा मागचं डावं चाक बाजूने फाटलं होतं, कापड फाटावं तसं. गाडी उलटण्याआधी फुटलेला टायर कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. लोकांनी विचारलं, कारण टायरवाला मीच. मी म्हणालो, "आपटल्यामुळे फुटला." मग कोणी म्हणालं डुलकी लागली, कोणी म्हणालं घेतली असेल. मी टायर दुसऱ्या दिवशी भंगारात दिला.

दादा घेत नव्हता. त्या दिवशी झोपलाही नव्हता.

तू चौदा वर्षांचा होतास. दादाच्या बाराव्याला म्हणालास, "बाबांनी आमचो विचार करूक नाय." मी तुझ्या पाठीवर हात ठेवला, पण तोंड उघडलं नाही. तुझी आई अकरा वर्षं ते ऐकून घेतेय.

तू हसला नसतास तर कदाचित हे आताही लिहिलं नसतं. शनिवारी तू बाळीला त्या पलंगावर झोपवून निघणार, आणि माझ्या शिकवणीवर. म्हणून लिहिलं. गाडी हलवू नकोस. टायर दुसऱ्या कोणाकडून बसव, माझ्याकडे आणू नकोस.

तुझ्या आईला, मालती वयनीला, तू काही सांगू नकोस, ते माझं काम. गुरुवारी सकाळच्या बसने येतो. तिने आत घेतलं नाही तर पायरीवरून सांगेन. शेजारपाजार ऐकेल तर ऐकू दे, त्यांनाही कळायला हवं.

तुझ्या बापाचा धाकटा भाऊ,
शांताराम