मोठ्याने बोलण्याचे प्रकार

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नका. शेवटपर्यंत वाचा.

सध्या आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामात मोठ्याने बोलण्याची इंग्रजी क्रियापदं चालू आहेत. खेकसणं, डाफरणं, किंचाळणं आपल्याकडेही आहेच, पण त्यांचे कप्पे वेगळे. शाउट म्हणजे ऐकू जावं म्हणून आवाज मोठा करणं. त्यात राग असेलच असं नाही. येल त्याहून धारदार, बहुधा संतापाचा, ताबा सुटलेला. स्क्रीमला तर शब्दही लागत नाहीत, भीती किंवा वेदना पुरते. प्रत्येकाला एकेक उदाहरण द्यायचं, ते काम माझं.

शाउट लिहिताना तुमचा छापखाना आठवला. दिवसभर यंत्रांच्या धडधडाटात बोलून तुम्ही घरीही त्याच पट्टीत बोलायचात. शेजारच्या काकू एकदा भांडण सोडवायला धावत आल्या, तर आई म्हणाली, अहो, भांडण कसलं, दूध आणू का विचारतायत! मी मात्र इतकी हळू बोलायचे की तुम्ही मला मुंगी म्हणायचात. तुमच्या त्या आवाजाची मला कधी भीती वाटली नाही. तुमचे कान मात्र छापखान्यातल्या त्या धडधडाटातच गेले.

येलसाठी मी उदाहरण लिहिलं, ‘ती आपल्या बहिऱ्या वडिलांवर ओरडली.’ संपादकांनी उदाहरणाचं ते कार्ड परत पाठवलं. शेरा होता : ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवला, तर तो शाउट. इथे राग कुठून आला?

घरी येऊन माझी डायरी चाळली. गोळ्या घ्यायच्या राहिल्या, नळ चालू राहिला, कडी लावली नाही. सगळीकडे एकच वाक्य, ‘बाबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं.’ निदान डायरीत तरी मी खोटं लिहीत नाही, असा माझा समज होता.

खरं ते आता लिहिते. परवा मी लवकर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, तुम्ही कानात ऐकण्याचं यंत्र घालून रेडिओ ऐकत होतात, तोही इतका हळू लावलेला की मलाच शब्द कळेनात. माझी चप्पल वाजली. तुम्ही यंत्र काढलंत, चष्म्याच्या डबीत ठेवलंत, डबी उशीखाली सरकवलीत आणि मग दाराकडे बघून हसलात. मी समजत होते, यंत्र घालायला तुम्ही विसरता. आणि हे सगळं बघूनही आत येऊन मी काय केलं? नेहमीचंच. यंत्र कुठाय, किती वेळा सांगायचं, उशीखाली ठेवायला आणलंय का ते? तुम्ही दचकलात. म्हणजे तेवढं यंत्राशिवायही पोचलं.

माफी ओरडून मागता येत नाही, बाबा. आणि हळू बोलावं, तर मी घरात असताना यंत्र डबीत असतं. म्हणून हा कागद घडी करून त्याच डबीत, यंत्राखाली ठेवतेय. उद्या मी आले की यंत्र काढावंसं वाटलं तर खुशाल काढा. कारण विचारणार नाही. शेजारी बसेन आणि माझ्या जुन्या आवाजात विचारेन, दूध आणू का.

तुमचीच,
मुंगी