सोऱ्याचा माठ आणि चुलीतल्या सासूबाई

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

कंग्राळी, शुक्रवार सकाळ, माघ, शके १८५९

तीर्थस्वरूप अण्णांस,

धाकट्या कांताने पायांवर डोके ठेवले आहे. वहिनींची कंबर आता बरी असेल. पत्र आणणाऱ्या आमच्या गड्याला, भरमाला, पाणी द्यायच्या आधी एवढे करा. बुधवारी मी पाठवलेल्या माठाच्या भाजीच्या पेंडीतले एक पानही बाळाच्या पोटात जाऊ देऊ नका. वहिनी आजपासून त्याला पाल्याचे पाणी पाजणार होत्या ना! कारण खाली लिहिते.

तुम्ही दोन पुड्या दिल्या होत्या. पिवळ्या पानांवर उतारा म्हणून हिराकस, आणि वाढीसाठी पांढरा सोरा, तो वर्षभर चिमटीचिमटीने घालायचा. हिराकस मापाने घातले. सोरा मात्र ओल धरून नासेल म्हणून एकाच वाफ्यात एकदम संपवला. (वाया घालवणे पाप, हे तुम्हीच शिकवलेत.) महिन्यात माठ कमरेला लागला. पाने तळहाताएवढी, काळपट, तेल चोपडल्यासारखी, आणि वारा नसतानाही हलणारी. वाफा सासूबाईंचा, मरताना माझ्या स्वाधीन केलेला. म्हणून पाणी घालताना मी डोक्यावर पदर घेई.

जून देठ वाळवून सरपणात ठेवले होते. मंगळवारी नैवेद्य रांधताना ते चुलीत सारले, तर जांभळट ठिणग्या उडाल्या आणि आतून कुणी दातओठ खाऊन पुटपुटावे तसा आवाज आला. ताक न्यायला आलेल्या शेजारच्या गुणाबाईच्या हातून भांडेच पडले. “अगं कांते, सासू हाय तुजी! मीठ कमी म्हनती बघ!” मी मॅट्रिक झालेली, हसले. मग हळूच आमटीत मीठ वाढवले. (आमटी खारट झाली. आमचे हे दोन तांबे पाणी प्यायले. सासूबाईंच्या वेळीही असेच पीत.)

काल शेळीने त्याच वाफ्यात तोंड घातले. तासाभरात जीभ निळी पडली आणि ती उभ्या उभ्या कोसळली. गुरांच्या डॉक्टरांनी कान टोचला, तर रक्त काकवीसारखे! त्यांनी एक वाळका देठ पेटवला, तो सरसर ठिणग्या उडवत जळाला. “बाई, ही भाजी न्हवं, फटाक्याची दारू हाय. सगळा सोरा पाल्यात साठलाय, त्योच रक्तात भिनला.” शेळी वाचली नाही. पण उलगडा झाला. सोरा तो सोरा, त्यात सासूबाई कुठल्या? गुणाबाईला तसे बजावलेही.

तुमची,
कांता

ता.क. पेंडी उकिरड्यावर टाकू नका, गुरे खातील. खोल पुरा. फडके मात्र धुऊन परत धाडा, नवे आहे.

ता.क. बाळाचे ओठ लाल आहेत ना, ते स्वतः पाहून भरमाजवळ सांगा. तो येईपर्यंत मी उंबऱ्यातून उठत नाही.

ता.क. खरे सांगते, पेंडीची मला आठवणच नव्हती. आज सकाळी चुलीत नुसत्या शेणी होत्या, माठाची काडीही नव्हती. तरी आवाज आला. या खेपेला सासूबाई “मीठ” नाही म्हणाल्या. “लेकरू,” म्हणाल्या. म्हणून पत्र टपालात न टाकता भरमाला आगगाडीने धाडले. (आमटीला आज मीठ त्यांच्या मापाने घातले आहे.)