घळीच्या हकिकतीतील दुरुस्त्या

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या भावोजींचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? नातीचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. येथे तुझी थोरली बहीण खुशाल आहे; मीही, डावा घोटा वगळता, खुशाल आहे.

तुझ्या यजमानांनी सांगितलेली घळीची हकिकत तू परवा फोनवर हिला ऐकवलीस, आणि हिने ती मला, मधून मधून हसत, ऐकवली. ती अशी की, पंडितांनी (म्हणजे मी, हे नाव त्यांनी मला आपल्या लग्नाच्या पंगतीत ठेवले, आणि त्यामागे आदर नव्हता) वाटेतल्या एका जळक्या खोडाला माणूस समजून नमस्कार केला, त्याला पाण्याचा पत्ता विचारला, पुढे ते खड्ड्यात पडून लहान मुलासारखे रडले, आणि शेवटी त्यांना पाठीवर घालून आणावे लागले. या हकिकतीतील खोड, खड्डा आणि मी एवढ्या तीनच गोष्टी खऱ्या आहेत. क्रियापदेही बहुतेक खरी आहेत. त्यांचे कर्ते मात्र बदललेले आहेत. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाने असा मजकूर तसाच हातावेगळा करावा, हे मला शक्य नाही. म्हणून हे पत्र.

जाण्याची कल्पना माझी नव्हती. गेल्याच्या मागच्या वर्षी त्या घळीत वणवा शिरला, तेव्हापासून तिकडे कोणी फिरकत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझे यजमान सकाळीच दारात उभे राहिले आणि म्हणाले, “चला पंडित, घळीत जाऊन येऊ.” मी म्हटले, तेथे पाहण्यासारखे आता काय उरले आहे? ते म्हणाले, “म्हणूनच.” हे वाक्य अपुरे होते, आणि अपुऱ्या वाक्यांच्या मागे लागण्याची मला सवय नाही. मी काठी घेतली आणि त्यांच्या गाडीत बसलो; सकाळचा रस्ता रिकामा होता.

घळीच्या तोंडाशी वनखात्याने नवा फलक लावला आहे. त्यावर शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या की, मला पुढे पाऊल टाकवेना. खाली कोळसे हवे तेवढे पडलेले होतेच. एक उचलला आणि दुरुस्त्या केल्या. (आम्ही मुद्रितशोधक मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतो, हे मी तुला पूर्वी सांगितले आहे. अर्थ लागला की डोळा घसरतो आणि चूक निसटते.) तुझे यजमान शेजारी येऊन उभे राहिले, मान कोंबडीसारखी तिरकी करून त्यांनी फलकाकडे पाहिले आणि म्हणाले, “ठीक आहे, चला.” त्यांनी वाचले आहे, असे समजून मी निघालो. मी वाचले आहे, असे समजून ते निघाले. दुसऱ्या वळणापुढे वाट बंद आहे, जमिनीखालची मुळे जळून गेल्यामुळे माती पोकळ झाली आहे आणि आत कोठेही पाणी नाही, असे त्या फलकावर लिहिले होते. हे मला परतताना, सरळ क्रमाने वाचल्यावर, कळले. दोघा वाचकांपैकी एकाला अक्षरे दिसत नव्हती, आणि दुसऱ्याला अक्षरांखेरीज काही दिसत नव्हते.

आतली अवस्था काय सांगू? ओढ्याच्या जागी नुसते गोटे, आणि गोट्यांच्या सांध्यांत राख. झाडे उभी आहेत, पण ती झाडे म्हणून नव्हे. कोणीतरी उचलायचे विसरले म्हणून. वारा येतो, पण पाने नसल्यामुळे त्याचा आवाज होत नाही. काही बुंध्यांच्या तळाशी मात्र मुळांतून कोवळे फुटवे आले आहेत, तांबूस, बोटभर लांबीचे. तुझे यजमान खाली बसून ते बोटांनी चाचपत होते. घड्याळजीच्या बोटांना अजून बारीक कळते. मला वाटले, माणूस वयाबरोबर हळवा होतो आहे.

पहिल्या वळणावर एक खोड आहे, पुरुषभर उंच, दोन्ही बाजूंना हातासारख्या फांद्या. त्याच्यापाशी थांबून, “नमस्कार, पुढं पाणी मिळेल का हो?” असे विचारणारे तुझे यजमान होते. उत्तर येईना, तेव्हा “ऐकू येत नाही वाटतं यांना,” असे ते मला हळूच म्हणाले. मी मनापासून हसलो. त्यांच्या थट्टेला मी सहसा हसत नाही, म्हणून मला त्या दिवशी आपण मोठे उदार आहोत असे वाटले. तेही हसले, पण जरा उशिरा.

दुसऱ्या वळणापुढे माझा डावा पाय मांडीपर्यंत जमिनीत गेला. (रडलो, हे खोटे आहे. राख डोळ्यांत गेली होती आणि डोळ्यांनी आपले काम केले.) त्यांनी मला काखेत धरून उपसून काढले, हे खरे आहे, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग आम्ही त्याच भोकाच्या काठावर बसलो. बाटलीत घोटभर पाणी होते. मी म्हटले, चहूकडे काळेच काळे, मधोमध तर काहीच उरलेले नाही. त्यावर ते म्हणाले, “तुम्हालाही मधोमध काळंच दिसतं ना? बरं वाटलं. दुसऱ्या कोणाला तरी दिसतंय.”

धाकटे, तुझ्या यजमानांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर मधोमध डाग आहे. कडेचे दिसते, म्हणून चालता येते. समोरचा चेहरा आणि अक्षर दिसत नाही. ते कोणाला न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आले. गेले ते परत येणार नाही, उरले आहे ते टिकवायचे तर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. ते तेथून जे उठले, ते पुन्हा गेले नाहीत. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून काढलेल्या माणसाला डोळ्यात सुई ऐकवली नाही. “घळीत गेलो की तोंड उघडेल असं वाटलं,” म्हणाले. त्या अपुऱ्या वाक्याचा उरलेला भाग हा होता.

पाठीवर घालून आणल्याची गोष्ट साफ खोटी. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होतो आणि त्यांना वाट सांगत होतो. दगड. उतार. डावीकडे. थांबा. इतकी आखूड वाक्ये मी जन्मात बोललेलो नाही.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती हकिकतीत नाही. मला गाडी चालवता येत नाही. ते चाकामागे बसले आणि म्हणाले, “कडेचं मी बघतो, समोरचं तुम्ही सांगा.” मी सांगत आलो. गावाच्या पहिल्या चौकात एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती. मी क्षणभर घोट्याकडे पाहत होतो. मान वर केली आणि ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्याजोगे नाही. गाडी थांबली. बाईने आमच्याकडे पाहिले, मूल दुसऱ्या बाजूला घेतले आणि ती गेली. तुझे यजमान चाक धरून समोर बघत होते. मग त्यांनी मला विचारले, “होतं का कोणी?”

नात शाळेत जाताना पुढच्या सीटवर बसून “आजोबा, लाल मोटार, आजोबा, सायकलवाला” असे ओरडत असते, आणि तू त्या खेळाचे कौतुक हिला सांगतेस. तो खेळ नाही.

येथे थांबतो. उलट टपाली उत्तर पाठव आणि त्यावर तारीख घाल. मागच्या पत्रावर ती नव्हती.

तुझा,
थोरला भावोजी

ता. क. दाराआडच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली हे पत्र मिटण्यापूर्वी काढून घे. कारण विचारले तर माझे नाव सांग. ते माझ्याशी बोलणे सोडतील. सोडू देत.

ता. क. दुसरा. कोणाजवळ तोंड उघडणार नाही, असे वचन त्यांनी माझ्याकडून घेतले आहे, म्हणून फोन केला नाही. पत्र त्यांच्यासमोर उघडलेस तरी हरकत नाही. ते त्यांना वाचता येणार नाही.

ता. क. तिसरा. बाकीच्या नातेवाइकांत हकिकत त्यांचीच राहू दे. खोडाला नमस्कार मीच केला. खळखळून हसा.

त्यांनी तुला सांगितलेल्या तारखांतील दुरुस्त्या:

९ जानेवारी: “मित्राच्या दुकानी बसलो होतो.” डॉक्टरांकडे बसले होते.

फेब्रुवारीअखेर: “गुडघ्यांमुळे दुकान बंद केले.” गुडघे ठणठणीत आहेत, माझ्या वजनासकट घळ चढून आले.

५ मार्च: “बाजारात कोणीतरी गाडीचा दिवा फोडला.” तारीख २ मार्च, तुमच्याच फाटकाचा खांब.

१८ एप्रिल: “डोळे तपासून आलो, सगळे ठीक आहे.” त्या दिवशी ते केस कापून आले, हे तू स्वतः पाहिलेस.

११ मे, शनिवार: घळीची फेरी. रविवार होता आणि तारीख १२. याने काही बिघडत नाही, पण चूक ती चूक.

२७ मे, सकाळी दहा: ही तारीख त्यांना अजून माहीत नाही. डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. मी बसने येईन. त्यांना बसनेच आण.

“घळीतली ती आमची शेवटची फेरी.” शेवटच्या फेरीची तारीख अद्याप ठरलेली नाही.