देवीपुढची किल्ली

अप्पा, काल मी मद्रासला, आपल्या मांबलम स्टेशनवर उतरलो. उतरायचं नव्हतं खरं तर. पुढं तांबरमच्या एका छापखान्यात काम देतो असं कुणीतरी म्हणालं होतं, तिकीटही तिथलंच होतं. पण गाडी थांबली, फलाटावर बाई गजरे विकत होती, ते बघता बघता मी खाली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ह्याला कुठलंही तिकीट काढून द्या, हा उतरणार भलतीकडेच." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी गुंटकलला कँटीनमध्ये ताटं विसळली, हुबळीत सायकली दुरुस्त केल्या, नागपट्टणमला मिठाच्या पोत्यांवर शिक्के मारले. शाळा जिथं सुटली तिथंच सुटली, तेव्हा माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका.

स्टेशनच्या रस्त्यावर कॉफी हॉटेलच्या जिन्याखाली एक म्हातारा छोट्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून बसला होता. गिऱ्हाइकाला तमिळमध्ये "उद्या या" म्हणाला, तेव्हा आवाजावरून ओळखलं. घड्याळवाले मामा. नातं काही नव्हतं, पण आपल्यासारखेच तंजावरकडचे, घरात आपली मराठी बोलणारे, म्हणून मामा. याच रस्त्यावर त्यांचं स्वतःचं दुकान होतं, काचेच्या कपाटांचं, आत हिरवी तिजोरी. तिथं आता कापडवाला बसतो.

चोरीचा विमा त्यांना तुम्हीच घ्यायला लावलात. विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात तुम्ही कारकून; फुटलेली दुकानं बघून रिपोर्ट लिहायचं काम तुमचंच. पॉलिसीचा इंग्रजी कागद घेऊन तुम्ही मामांच्या स्टुलावर बसलात आणि एकेक ओळ मराठीत समजावलीत. "चोर दार नाहीतर छप्पर फोडून आला पाहिजे, तरच पैसे. आणि दुकान बंद झाल्यावर तिजोरीची किल्ली आत ठेवायची नाही. ठेवलीत, तर तिजोरीतल्या मालाचं काही मिळणार नाही. कळलं?" मामा म्हणाले, "कळलं हो, तुम्ही तर मला शाळेतच बसवलंत," आणि धोतर जरा सरकवून कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली दाखवली. "ही अंगावर नसली तर मला आंघोळसुद्धा गोड लागत नाही." तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या संध्याकाळी, मी त्यांच्या दुकानात आहे. चुरमुरे-फुटाणे मिळतात, दुसरं कारण नाही. मामांनी केळीच्या पानावर चिमटे, पेचकस, भिंग, तेलाची इवलीशी बाटली मांडलीय, आणि करगोट्यातून सोडवून किल्लीही. प्रत्येकाला चंदन, कुंकू. तिजोरीला, भिंतीवरच्या घड्याळांना, माझ्या सायकलीच्या घंटीलाही. बाहेर दृष्ट काढायला नाणं घातलेला कोहळा फोडला, त्या नाण्यासाठी पोरं एकमेकांवर पडली, एका शेळीनं मधल्यामध्ये अर्धा कोहळा खाल्ला. तिला हाकलण्यात बराच वेळ गेला. कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा मामींचा धाकटा भाऊ, जो दुकानात मदतीला असायचा, म्हणाला, "भावोजी, किल्ली घ्या की." मामा म्हणाले, "पूजेत ठेवलेलं आयुध उद्या पुन्हा पूजा झाल्याशिवाय उचलत नाहीत. आज ती किल्ली नव्हे, देवी आहे." भाऊ म्हणाला, "चोराला कुठं ठाऊक?" मामांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि दार ओढलं.

त्या रात्री मागची कौलं काढून चोर आले. तिजोरीवर ओरखडासुद्धा नव्हता, ती किल्लीनंच उघडली होती. तिच्यातली नवी घड्याळं गेली, गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेलीही गेली. विजयादशमीला तुमचं ऑफिस बंद, म्हणून सकाळी मामा थेट आपल्या घरी आले. चप्पल एकाच पायात होती. तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात आणि दुपारी परतलात. आईनं पान वाढलं.

"मामा म्हणतात, किल्ली त्यांच्या कमरेला होती," तुम्ही आईला सांगितलंत. "चोरांनी बनावट किल्ली केली असणार. कुंकू कुलपावरही आहे, पण कुंकू काय, काल सगळ्यालाच होतं."

आणि मी, वरणभात कालवता कालवता म्हणालो, "कमरेला कुठली? पूजेत होती. मामा म्हणाले उद्यापर्यंत उचलायची नाही."

तुमचा घास हातातच राहिला. "तू पाहिलीस?"

"हो."

"नीट विचार कर. तुझ्या तोंडून निघालेलं वाक्य सरळ घरी पोचत नाही कधी. वाटेत शेळी येते, कोहळा येतो. नक्की कालच? गेल्या वर्षीचं नव्हे ना?"

"कालच."

"जेवताना कसलं ऑफिस?" आई म्हणाली. "भात निवतोय. जेवा की आधी."

तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, पानाकडे बघत. "नसेल आठवत, तर नसेल आठवत म्हण. त्यात काही लाज नाही. किल्ली पूजेत होती?"

"होती, अप्पा. डाव्या बाजूला, चिमट्यांच्या शेजारी."

तुम्ही हात धुतलात, पेन्सिल काढलीत आणि लिहून घेतलंत. अर्धं पान तसंच टाकून उठलेले तुम्ही मला त्याआधी ठाऊक नव्हतात.

रिपोर्टात तुम्ही फक्त 'विश्वासू व्यक्तीकडून समजले' एवढंच घातलंत, असं आई नंतर म्हणाली. कंपनीनं मामांचा क्लेम नाकारला. गिऱ्हाइकं पावत्या घेऊन दारात उभी राहू लागली. पोंगलच्या आधीच दुकान गेलं, कपाटांसकट. मामा आपल्या घरी त्यानंतर एकदाच आले, भांडले नाहीत, पाणीही घेतलं नाही. त्यानंतर तुम्ही मला कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नाहीत. मी घर सोडलं तेव्हाही "कुठं चाललास?" एकदाच विचारलंत. मग दोन वर्षांत तुम्हीच गेलात, आणि मला तार मिळाली तेव्हा तेरावा उलटून गेला होता.

काल मामांनी मला ओळखलं. "अय्यो, अप्पांचा मुलगा! अजून भटकतोसच? बस, कॉफी घे." टंबलर पुढे केलं. मामी गेल्या, म्हणाले. मी मामींच्या भावाबद्दल विचारलं, तर भिंग काढून ठेवलं. "त्याचं नाव नको. किल्लीचं त्यानंच सांगितलं तुझ्या अप्पांना. दुसरं होतंच कोण तिथं? तू होतास, पण तू शेळीमागं धावत होतास. क्लेम नाकारल्याचं कळलं त्याच दिवशी त्याला मी बाहेर काढला. तुझ्या मामीनं मरताना भाऊ मागितला, मी बोलावला नाही." मग खालच्या आवाजात, "अप्पांना मी विचारलं होतं, कोण बोललं म्हणून. त्यांनी सांगितलं नाही. भला माणूस. माझ्या घरात भांडण नको होतं त्यांना."

मी तोंड उघडलं. बाहेर काय आलं, तर, "मामा, हे घड्याळ कुठल्या बनावटीचं?" त्यांनी आनंदानं दाखवलं. मी ऐकत राहिलो, कॉफी संपवली आणि तांबरमची पुढची गाडी पकडली.

छापखान्यात काम मिळालं नाही. हे तिथल्याच रद्दी कागदाच्या पाठीवर लिहितोय. मामांना लिहायचं ते तुम्हाला लिहितोय, कारण तुमच्याकडे पत्र पोचायची भीती नाही. इतकी वर्षं ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्याला त्याला हेच सांगितलं, की मी भोळा होतो, मला काय कळणार विम्यातलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. तुम्हाला काय ऐकायचं होतं ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं, अप्पा. पण माझं बोलणं तुम्ही जन्मात पहिल्यांदाच लिहून घेणार होतात.