नाताळची अकरा झाडं

सोमवार, ३ जानेवारी १९८३

आलो बुवा एकदाचा! ट्रकच्या हीटरने जॉप्लिन गावाच्या पुढेच राम म्हटला, पण मी जिवंत पोहोचलो. व्हर्नेलबाईंचा मासेमारीचा धक्का खाडीच्या पार आतल्या कोपऱ्यात आहे. पिंपांवर तरंगणारी मोठी पत्र्याची खोली, आणि मधोमध फरशीलाच कापलेला चौकोन, त्यात काळं पाणी. ह्या चौकोनाला इथे सगळे विहीर म्हणतात. भोवती फाटके सोफे, शेगडी, कॉफीचं भांडं. बाहेर आभाळ कोसळो, आत नुसत्या शर्टावर बसून क्रॅपी मासे धरायचे. राखणदाराची खोली मागच्या अंगाला, ती आता माझी. काम काय, तर शेगडी विझू द्यायची नाही आणि अंधार पडला की विहिरीत हिरवा दिवा सोडायचा. दिव्याला किडे येतात, किड्यांना बारके मासे, बारक्यांच्या मागे क्रॅपी.

ही वही नेडीनने दिली. हात कापायला लागले, घसा कोरडा पडला, की बाटली नाही, पेन धरायचं, अशी बायकोची ताकीद आहे. एकशे बारा दिवस झाले, थेंब नाही. एकवीस तारखेला ती येणार. मी धड दिसलो तर राहणार, नाहीतर बहिणीकडे कायमची. तेहेतीस वर्षांच्या संसाराला ही शेवटची संधी, असं तिने तोंडावर सांगितलंय. बरोबरच आहे तिचं.

बुधवार, ५ जानेवारी

ओथा नावाचा म्हातारा रोज संध्याकाळी येतो. ऐंशीला टेकलाय, दात तीनच, पण जिभेला धार. माझी गळाची काठी बघून म्हणाला, काय रे डॉर्सी, देवमासा धरायला आलास की काय? मग स्वतःची बारीक काठी दिली आणि शिकवणीही. जिग म्हणजे शिशाच्या गोळीचा गळ, वर पिसांचा झुबका. तो सोडायचा आणि गप्प बसायचं, हलवायचासुद्धा नाही. क्रॅपी खालून येतो आणि जिग तोंडात धरून वर उठतो, त्यामुळे हिसका बसतच नाही, उलट तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, ढील पडते. ढील दिसली की हलकेच उचल. जोरात ओढशील तर कागदासारखं तोंड फाटेल आणि बसशील हात चोळत, म्हणाला.

नेडीनच्या नखपॉलिशची लाल बाटली माझ्या कोटात राहिली होती. त्या पॉलिशने मी तंगुसावर दर दोन फुटांवर खूण केली. नेडीनला कळलं तर माझी धडगत नाही.

शनिवार, ८ जानेवारी

आज पाच जिग गेले. सारखे एकाच जागी अडकतात. नाताळ उरकला की इथे जो तो आपलं झाड सिमेंटचा ठोकळा बांधून बुडवतो, फांद्यांत मासे राहतात म्हणून. ते ठीकच. पण झाडं लांब लांब टाकायची असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मी दोराला आकडा बांधून चाचपलं, तर बरोब्बर विहिरीखाली एकावर एक अकरा झाडं! एकेकाला तीन तीन ठोकळे, तारेने करकचून बांधलेले. आधीचा राखणदार होबार्ट, त्याची ही करणी. अकलेचा नुसता उजेड. मासे धरायचे होते की धरण बांधायचं होतं?

सोमवार, १० जानेवारी

दोन दिवस खपून नऊ झाडं ओढून काढली आणि खाडीत ऐसपैस पसरली. खालची दोन गाळात रुतलीत, हलत नाहीत. कंबरेचा काटा ढिला झाला, पण रात्री त्रेचाळीस क्रॅपी! मक्याच्या पिठात घोळवून तळले. ओथाने तीन दातांनी सात खाल्ले आणि म्हणाला, होबार्टला अकरा वर्षांत जमलं नाही ते पठ्ठ्याने आठवड्यात केलं. नेडीनला फोन केला. ती हसली. किती महिन्यांनी हसली! फोन ठेवून मी रडलो, लाज कसली त्यात.

गुरुवार, १३ जानेवारी

संध्याकाळी खुणा करताना पॉलिशची बाटली हातातून निसटून विहिरीत गेली.

नंतर चोवीस फुटांवर ढील पडली. उचललं, तर मासा नाही आणि जिगही नाही. तंगूस तुटला असेल म्हणून टोक दिव्याशी धरलं. तुटला नव्हता. गाठीची वळणं जशीच्या तशी होती, फक्त गाठ सोडलेली. मासा तंगूस तोडतो, कापतो. सोडत नाही.

शनिवार, १५ जानेवारी

अठरा फुटांवर ढील. ह्या वेळी जिग होता, पण गाठ माझी नव्हती. उलट्या वेढ्यांची, नीटनेटकी. कुणी थट्टा केली म्हणावं, तर तंगूस माझ्या हातातच होता.

ओथाला दाखवली. त्याने चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाला, ही क्लीटसची गाठ. क्लीटस म्हणजे होबार्टचा धाकटा भाऊ, डावखुरा. अकरा हिवाळ्यांमागे ह्याच विहिरीत पडला. पाणबुडे आले, पण प्रेत मिळालं नाही. तेव्हापासून होबार्ट दर जानेवारीत एक झाड सोडायचा. ओथा म्हणाला, आम्हाला वाटायचं, बिचारा भावाची आठवण करतो. मग त्याने झाडांचं विचारलं. मी सांगितलं, काढली. अर्धी कॉफी आणि काठी तिथेच टाकून म्हातारा उठला आणि गेला.

सोमवार, १७ जानेवारी

ओथा आला नाही. कुणीच येत नाही.

व्हर्नेलबाईंकडून होबार्टच्या वृद्धाश्रमाचा नंबर घेऊन त्याला फोन लावला. कोण, काय, काही नाही. त्याने एकच विचारलं, झाडं किती उरली? दोन म्हटलं. मग बोलला. क्लीटस पडला तेव्हा त्याने काठी पुढे केली होती. क्लीटसने धरलीही. पण आपणही आत जाऊ म्हणून होबार्ट घाबरला, आणि त्याने काठी सोडली. तेव्हापासून क्लीटस दुसरं टोक धरणारा माणूस शोधतोय, म्हणाला. ढील पडली तरी उचलू नकोस. झाडं परत त्याच्यावर टाक, आजच टाक. आणि फोन ठेवला.

मंगळवार, १८ जानेवारी

फोन ठेवताच पसरलेली झाडं शोधली. नुसते ठोकळे लागले — तारा उलगडलेल्या. काठावरचे दोन देवदार तोडून बुडवले. रात्रभर बुडबुडे. सकाळी दोन्ही विहिरीत तरंगत होते. शेजारी शेजारी.

बुधवार, १९ जानेवारी

बारा फुटांवर ढील. गळ टाकलाच नव्हता मी — ओथाच्या काठीचा तंगूस लोंबत राहिला होता.

पळून जावं, तर नेडीन म्हणणार, हे कामही सोडलंस. फोन केला, येऊ नकोस, हवा वाईट आहे. तिने विचारलं, किती प्यायलास? आईची शपथ घेतली. म्हणाली, येतेच, डोळ्यांनीच बघते.

हात कापताहेत. थेंब घेतलेला नाही. देवा, घेतला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २१ जानेवारी

दुपारी नेडीन आली. मागोमाग गारठलेला पाऊस, सगळ्यावर बर्फाचं कवच. संध्याकाळी धक्क्यावरून काठाकडे जायचा पूल कडाड् करून तुटला. फोन बंद. ती विचारत होती, विहिरीवर फळ्या का ठोकल्यास — खोटं बोलवेना, सगळं सांगितलं. तिने माझं तोंड हुंगलं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर —

रात्री

हातोडीच्या आवाजाने उठलो. ती फळ्या उचकटत होती. म्हणाली, तुझ्या डोक्यातलं भूत मीच काढते, बस तिथे. अडवायला गेलो, तर हातांचा कंप बघितला तिने. वही माझ्या मांडीवर ठेवली. लिही, कंप थांबेपर्यंत लिही, उठलास तर सकाळी मी गेलेच समज.

म्हणून लिहितोय. उठत नाही. समोर ती, तिच्या हातात ओथाची काठी. हिरवा दिवा —

सहा फूट. ढील. नको म्हटलं. उचलली तिने —

बाटली. लाल पॉलिशची बाटली, तंगुसाला बांधलेली. उलटी गाठ.

ती हसतेय. डोळ्यांत पाणी. वेडा रे वेडा, म्हणतेय, एवढं नाटक ह्यासाठी होय — तिला वाटतंय मी — नाही गं, नेडीन —

परत सोडला गळ. दोन फूट. ढील —

ओढू नकोस म्हणून ओरडलो. ती म्हणतेय, अरे मी कुठे ओढतेय, काठी केव्हाच सोडली मी, डॉर्सी, माझा हात