दाराजवळची खुर्ची

बुधवार, तारीख अकरा
सकाळचे साडेनऊ

चिरंजीव थोरल्यास नानाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला का ते लिहिलं नाहीस. गेला नसेल तर डॉक्टरकडे जा, अंगावर काढू नकोस. सूनबाईंचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो. घेतली की नाही अशी शंका आली की डबी उघडून बघतो, आणि दिवसातून चारदा शंका येते. हे पत्र शनिवारच्या आत तुझ्या हातात पडेल ना, याची आत्तापासून धास्ती आहे. म्हणून रस्त्यावरच्या पेटीत न टाकता थेट टपाल कचेरीत नेऊन देणार आहे. पाकिटावरचं अक्षर वेगळं दिसेल. त्याचं पुढे लिहितो.

तू लिहिलंस की रविवारी टेम्पो घेऊन तुम्हाला कायमचं न्यायला येतो, सामान बांधून ठेवा, नाट्यगृहाची नोकरी त्याआधी सोडा, नाहीतर बापलेकाचं नातं संपलं. दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मजकूर तोच होता.

तर ऐक. नोकरी सोडणार नाही.

अक्षर वेडंवाकडं आहे, ते तुला दिसेलच. सातवीत शाळा सुटली, मुद्देसूद लिहिणं मला जमत नाही. पण मी दारात उभा राहून काय करतो ते तू कधी विचारलंच नाहीस, नुसती लाज काढलीस. आता वाच.

आमच्याकडे सध्या चालू असलेल्या नाटकात सत्तरीचा विधुर आणि पासष्टीची विधवा एकत्र राहायला लागतात. पहिला अर्धा तास सगळा पलंगावर. मॅनेजरने मला दारात वाचायला छापील कागद दिला होता, 'सदर प्रयोगात प्रौढ विषयांची मांडणी असून प्रेक्षकांनी नोंद घ्यावी.' मी खड्या आवाजात वाचायचो. लोक मान डोलवून आत जायचे आणि दहाव्या मिनिटाला तणतणत बाहेर यायचे. शिव्या दारात कोण खाणार? मीच.

मॅनेजरला म्हटलं, "साहेब, हा कागद कुणाला कळत नाही. मलाच कळला नाही."

"मग तुमच्या भाषेत सांगा, नाना. फक्त मार खाऊ नका."

तेव्हापासून मी असं सांगतो, "मंडळी, आत एक पलंग आहे. त्यावर म्हातारा-म्हातारी आहेत. अंगावर कपडे आहेत, बोलण्यावर नाहीत. सोबत मुलं असतील तर तिकीट परत घेतो, राग नाही. हसू आलं तर दाबू नका, ठसका लागतो. ज्यांना धाकधूक वाटते त्यांनी दाराजवळची खुर्ची मागून घ्यावी."

शेवटच्या रांगेत दाराला लागून सहा खुर्च्या आहेत. मॅनेजरशी भांडून मी त्या राखून ठेवल्यात. गंमत अशी, की तिथे बसलेला माणूस सहसा उठून जात नाही. दार हाताशी आहे म्हटलं की जीव थाऱ्यावर राहतो. उठतात ते मधले, ज्यांच्या कानावर काही पडलेलं नसतं.

तुला मी सांगितलं नाही.

त्या दिवशी तू विहीणबाईंना घेऊन आलास. तिसरी रांग, अगदी मधोमध. मी कोटाचं नवं बटण चाचपत उभा होतो. टाकेबाईंनी सकाळीच लावून दिलं होतं. टाकेबाई म्हणजे आमच्या नाट्यगृहात नटांचे कपडे शिवतात त्या. विहीणबाईंनी विचारलं, "कसं आहे हो नाटक?" मी म्हटलं, "विनोदी आहे." एवढंच. पुढच्या माणसाला अख्खी सूचना दिली, मागच्याला दिली, आणि पोटच्या मुलाचं तिकीट गुमान फाडलं.

मग पडदा उघडला, पलंग दिसला आणि तू उठलास. चौदा जणांच्या गुडघ्यांवरून वाट काढत होतास. रंगमंचावरून म्हाताऱ्याचं काम करणारा नट म्हणाला, "बसा हो पाहुणे, अजून आम्ही चादरही झटकली नाही!" सगळं नाट्यगृह तुझ्यावर हसलं. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो. फक्त त्याबद्दल.

"या वयात लाज कशी वाटत नाही, नाना?" असं तू दारात ओरडलास आणि गेलास. पण विहीणबाई गेल्या नाहीत. शेवटपर्यंत बसल्या. डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, आधी सांगायचं नाही का? मी जावईबापूंना घरी ठेवून आले असते."

का सांगितलं नाही, ते इतके दिवस मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. काल टाकेबाईंनी विचारलं. त्या फटकळ आहेत. म्हणाल्या, "साऱ्या गावाला सांगता आणि घरच्याला सांगताना दातखिळी बसते." खरं आहे. तुझ्यासमोर 'आत एक पलंग आहे' म्हणायला तोंड उघडलं असतं, तर पुढचंही बाहेर पडलं असतं. लोक त्या नाटकाला हसतात. मला हसू येत नाही, मला ते घरचं वाटतं. भीती नोकरीची नव्हती, रे. भीती तुझी होती.

ती आता पुरे झाली. त्या दिवशी दारात राहिलेली सूचना आज देतो. खड्या आवाजात देतोय असं समज.

माझ्या खोलीत एक पलंग आहे. त्यावर दोन उशा आहेत. तुझ्या आईची उशी मी कुणाला दिलेली नाही, ती कपाटात आहे. टाकेबाई स्वतःची घेऊन आल्या, गेल्या थंडीत, शिवणयंत्रासकट. दारात चपलांचे दोन जोड असतात. लग्न केलेलं नाही. करायचं की नाही ते आमचं आम्ही बघू. त्या घोरतात, मी घोरत नाही असं मी म्हणतो. तुझी आई गेल्यावर सहा वर्षं मी भिंतीशी बोललो. भिंत ऐकून घेते, पण 'पुरे आता, झोपा' असं म्हणत नाही. मी कुणाचं काही चोरलेलं नाही आणि खाली मान घालून राहणार नाही. लाज वाटते का विचारलंस ना? नाही वाटत. धाकधूक वाटते, ती मला पाण्याचा नळ बंद केला की नाही याचीही वाटते.

रविवारी ये. टेम्पो आणू नकोस, बांधण्यासारखं सामान नाही आणि शिवणयंत्र तुझ्या टेम्पोत मावलं तरी टाकेबाई मावणार नाहीत. दाराजवळ तुझी खुर्ची मांडून ठेवतो. दाराला कडी घालणार नाही. उठावंसं वाटलं तर ऊठ, या वेळी कुणी हसणार नाही. पण आत येताना माहीत नव्हतं असं म्हणू नकोस.

पाकिटावरचा पत्ता त्यांनी लिहिलाय. माझा हात कापतो, त्यांचा कापत नाही.

दारातच उभा असलेला,
तुझा बाप,
नाना