विमानातून उडी मारणार नाही, हे कळवण्यासाठी

अकोला,
गुरुवार, दुपार

आदरणीय मोठ्या बहिणीस, म्हणजे दुर्गाबाईस,

धाकटा भाऊ मोतीरामचा सविनय जय भीम. इकडे आम्ही सगळे आपापल्या पायांवर उभे आहोत (हे मुद्दाम लिहितो, कारण माझे दोन्ही पाय मोडल्याची बातमी दर्यापुरात पोचल्याचं माझ्या कानावर आलं आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरनं दिलेलं तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे पाहतेस? सोयाबीन घरात आलं काय? ओलं असेल तर विकायची घाई करू नको, अन् पोत्यावर बसून कोणाशी गप्पा मारू नको.

आजच्या काळात पत्र कोण लिहिते, असं तू म्हणशील. पण माझा मोबाईल आता माझा राहिला नाही. पोरीनं, माधवीनं, त्यात असं काही करून ठेवलं आहे, की ती, तिचा भाऊ ललित अन् मी असे तिघंही एका नकाशावर ठिपके होऊन दिसतो. मी गोडाऊनवरून पानठेल्यापर्यंत गेलो तरी तिला अमरावतीच्या ऑफिसात बसल्या बसल्या कळेल. त्यातही समाधान नाही म्हणून सध्या ती रजा टाकून इथंच राहिली आहे, माझ्यावर लक्ष ठेवायला. फोनवर बोलावं तर भिंतीपलीकडे ती. म्हणून हा कागद. (ती या खोलीत आली की मी तो पडद्याच्या कापडांच्या नमुन्याखाली सरकवतो. तेव्हा अक्षर मधेच वाकडं झालं तर माझी तब्येत बिघडली असं समजू नको.)

तुला ही गोष्ट चार तोंडांतून चार प्रकारे कळली असेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. अमरावतीत दुसऱ्याच्या बिछायत केंद्रावर खुर्च्या उचलत होतो तेव्हापासून ते आज अकोल्यात स्वतःचं केंद्र झालं तोपर्यंत मी एकच काम केलं: कापड वाऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. मंडप असो की शामियाना, दोर बांधायचा, खुंटी ठोकायची अन् आभाळाकडे संशयानं पाहायचं. तर मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात भर दुपारी वावधन आलं. मंडपाचं छत फुगलं, खुंट्या उपटल्या, अन् कोपऱ्यातला दोर माझ्या हातात होता तो मी सोडला नाही. दोरानंही मला सोडलं नाही. चांगला हातभर वर गेलो, बाई! क्षणभरच. खाली आलो तेव्हा नवरीचा बाप रडत होता अन् मी हसत होतो. लोकांना वाटलं, डोक्याला मार लागला. मार लागला नव्हता, पण त्या दिवसापासून माझं खालच्या जगात लक्ष लागेना. जेवता जेवता उठून गच्चीवर जायचो. जमुना असती तर म्हणाली असती, बसा एका जागी. पण ती जाऊन आता चार वर्षं झाली, अन् ती गेल्यापासून पोरं मला काचेच्या भांड्यासारखं उचलून ठेवतात. त्यामुळे घरात बसा म्हणणारे खूप, पण ऐकावंसं वाटेल असं कोणी नाही.

अशात आपल्या फारुखनं (लाइटिंग अन् जनरेटरवाला, माझ्याबरोबर निम्मी लग्नं यानं उजळली) मोबाईलवर दाखवलं, की तिकडे मध्यप्रदेशात एका जुन्या धावपट्टीवर पैसे भरले, तर आपल्याला शिकवणाऱ्याच्या अंगाला बांधून विमानातून खाली सोडतात. मी म्हटलं, आयुष्यभर आपण कापडाला धरलं, एकदा कापडानं आपल्याला धरून पाहावं. पोरांना सांगितलं, धारणीकडे एका लग्नाची ऑर्डर पाहायला जातो. (तिकडे जंगलात मोबाईल लागत नाही, म्हणून धारणी.) फारुखच्या बायकोनं, खुर्शीदबीनं, तेवढं ओळखलं. डबा देताना म्हणाली, "भाईजान, उप्पर जाने की इतनी क्या जल्दी है?"

उडीबद्दल काय सांगू! तू मला पाठीला बांधून निंदायला न्यायचीस ना, तसंच त्या शिकवणाऱ्या पोरानं मला बांधलं, फक्त मी पुढे अन् तो मागे. दारात बसवलं अन् कानात ओरडला, "अंकल, डर लग रहा है?" मी विचारलं, "बेटा, सिलाई डबल है ना?" त्यानं सरळ ढकललं. मग पहिल्यांदा नुसता वारा. गालाची कातडी कानामागे गेली अन् नकली दाताची पट्टी सांभाळण्यातच बराच वेळ गेला. मग वर छत उघडलं, अन् सगळं शांत. इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. (तुला ठाऊक आहे माझे कान कसे आहेत, शेवटच्या पंगतीत कोणी भाजीला नाव ठेवलं तरी मला भट्टीजवळ ऐकू येते.) खाली पाहिलं तर शेतं अशी पसरली होती, जशा वऱ्हाड येण्याआधी आपण मांडवात सतरंज्या अंथरून ठेवतो.

चूक झाली ती खाली उतरल्यावर. तो पोरगा पाणी प्यायला गेला. समोर एवढं मोठं रेशमासारखं कापड मातीत लोळत पडलेलं. माझ्यानं पाहवलं नाही. मी एक कोपरा दातात धरला, दोन हातांनी दोन कडा जुळवल्या, गुडघ्यानं दाबून हवा काढली अन् चौरस घडी घालून वरून दोरानं बांधून ठेवली, गोडाऊनला लावावी तशी. तो पोरगा परत आला अन् डोक्याला हात लावून बसला. त्या कापडाची घडी म्हणे शिकलेल्या माणसानं ठराविक पद्धतीनंच घालायची असते, नाहीतर पुढच्या माणसाचं छत उघडत नाही. सगळं सोडून पुन्हा पसरावं लागलं. मी माफी मागितली. पण तिथं उडीचा व्हिडिओ काढणारे होते, ते हसून हसून पडले अन् त्यांनी तेवढाच तुकडा मोबाईलवरून जगात सोडून दिला. तोंडावर चष्मा, डोक्यात टोपडं, नाव नाही, गाव नाही. मला वाटलं, कोण ओळखते!

अख्ख्या अकोल्यानं ओळखलं. माधवीनं तर अमरावतीत बसून ओळखलं. आकाशातून उतरल्या उतरल्या कापडाचा कोपरा दातात धरणारा माणूस या दुनियेत एकच आहे म्हणे, अन् तो धारणीला असायला पाहिजे होता.

मग घरी भेटीला येणाऱ्यांची रांग लागली. विमानातून उडी म्हटल्यावर पुढचं कोणी ऐकतच नाही, अन् आपल्याकडे पडलेल्या माणसाला बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला जायचंच असते. मागच्या गल्लीतली चतुराबाई आली, पदर तोंडाला लावून बसली, अन् मी स्वतः उठून पाणी दिलं तर दचकली. "कुठं लागलं गा, मोतीराम?" म्हणे. म्हटलं, कुठंच नाही. तिनं माझे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, कोपर पाहिलं, अन् रागावलीच. "लागलंच नाही तं मंग मी आली कायले?" जाताना पुडा परत घेऊन गेली.

आता पोरांचं ऐक, कारण मला खरं तेच लिहायचं आहे. ललित घरी माझ्याशी धड बोलेना. म्हणे, "बाबा, गिऱ्हाईक विचारते, तुमच्या बाबाले उडी माराची वेळ काहून आली? का सांगू मी त्याहीले?" जेवताना ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये गाद्यांच्या ढिगामागे उभा होतो, तर पलीकडे ललित एका गिऱ्हाईकाला मोबाईल दाखवून सांगत होता, "हे आमचे बाबा. एकसष्ट वर्षं. पाहा, पाहा, आता घडी घालतील." अन् गिऱ्हाईकाचा मंडप पक्का झाला. घरी आल्यावर पुन्हा तोंड पाडून ताट घेऊन आत. म्हणजे त्याला माझी लाजही वाटते अन् माझा गर्वही वाटतो, फक्त दोन्ही एका खोलीत ठेवायला त्याच्याकडे जागा नाही.

माधवीचं तसं नाही. ती ओरडली असती तर मी निभावलं असतं. ती नुसती आली, माझा मोबाईल घेतला, तो ठिपका चालू केला, अन् भाजी चिरायला बसली. मी उठलो की सुरी थांबे, बसलो की चाले. त्या संध्याकाळी मी गच्चीकडे निघालो (वाळत घातलेल्या चादरी काढायला), तर वर ती फोनवर होती, फारुखच्या पोरीशी, हीनाशी. दोघी बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. मी जिन्यातच थांबलो. चिडली की माधवीची ऑफिसची मराठी गळून पडते. म्हणत होती, "त्या दिवशी मी का करून राहिली होती मालूम आहे तुले? समोसा खाऊन राहिली होती. माहा बाप आभाळात लोंबकळून राहिला होता अन् मी चटणी मागून राहिली होती. आईच्या वेळेसही मी बसमधीच होती, हीना. सगळं झाल्यावर पोचली. अन् ह्या बाबाचंही मले असंच नंतर कळलं असतं."

बाई, मी चादरी न काढताच खाली आलो. उतरताना कठडा धरला. एरवी धरत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी वंदनेच्या वेळी दोघांनी मला बुद्ध अन् बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलं. पंचशील म्हणत म्हणत चौथ्या शीलापाशी आलो, खोटं न बोलण्याच्या, तर माधवी म्हणाली, "थांबा. हे पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं, अन् पुढे मराठीत जोडलं, की आता विमानातून उडी मारणार नाही. ललितही हात जोडून गंभीर उभा होता, तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. पलीकडे कोणीतरी तोच व्हिडिओ मागत होतं.

तर असा हा विषय संपला. पोरांच्या जिवाला घोर लावून कसली हौस करायची! आता मी गाद्या मोजतो, खोळी धुवायला टाकतो, वेळेवर जेवतो. एका जागी बसवत नाही एवढं खरं. हे पत्र लिहिता लिहिता तीनदा उठून वर जाऊन आलो. आज चादरी अगदी गप्प लोंबकळत आहेत. शनिवारपर्यंत वारा असाच राहील असं दिसते. (सहज लिहिलं.) भेटणाऱ्यांना सांग, मोतीराम धड आहे अन् सुधारला आहे. तेल लाव, अन् माझ्यावरचा तुझा हात तसाच राहू दे.

तुझा भाऊ,
मोतीराम

ता. क. हे पत्र घेऊन येणारा जीपवाला प्रीतम तुला एक कापडी पिशवीही देईल. तिच्यात माझा मोबाईल आहे. घाबरू नको, चावत नाही. तो फक्त शनिवारभर तुझ्या घरात राहिला पाहिजे, चालू, म्हणजे नकाशावर मी दर्यापुरात दिसतो. मी इथं सांगून ठेवलं आहे, की दुर्गाबाईची आठवण येऊन राहिली, दोन दिवस जाऊन येतो. ललितचा फोन आला तर उचल अन् सांग, बाबा शेतात गेले. पुन्हा आला तर झोपले. अंघोळीला गेले असं एकदाच सांग. मागे एका कामाच्या वेळी फारुखनं फोनवर मला दिवसभर अंघोळ घातली होती, कोणालाच पटलं नाही.

ता. क. २. मी खोटं बोललो असं मनात आणू नको. सोमवारी मी उडी मारणार नाही म्हटलं, तेव्हा खरंच मारणार नव्हतो. तिकडून जागा असल्याचा निरोप मंगळवारी आला.

ता. क. ३. (शुक्रवार, सकाळ.) पिशवीचं तोंड शिवायला सुई शोधत होतो, तर माधवी दारात उभी. म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?" फारुख वीज गेली तरी गिऱ्हाईकापुढे छातीठोक खोटं बोलतो, पण हीनानं डोळे वटारले की याच्या तोंडातून सगळं बाहेर. मी म्हटलं, बेटा, नाही जात, राहू दे. तर म्हणे, "जा. पण मी येते. वर नाही, खाली. विमानातून निघाल्यापासून पाय टेकेपर्यंत पाहीन. मले नंतर कळायले नको." मग आपला मोबाईल पिशवीत टाकून दिला. ललितला तिनं सांगून ठेवलं आहे, की आत्याकडे मीही जाते. तेव्हा शनिवारी तुझ्याकडे आम्ही दोघं आहोत.

मागच्या वेळी विमानाच्या दारात बसलो तेव्हा खाली एकटा फारुख होता, अन् तोही गाडीत झोपलेला. भीती कशाशी खातात ते कळलं नव्हतं. आता सकाळपासून कळून राहिलं आहे, बाई. तिला सांगावं की तू घरीच राहा, म्हणून दोनदा उठलो, दोनदा बसलो. ती आत पाण्याच्या बाटल्या भरून राहिली आहे. पिशवीतला लाल कव्हरचा मोबाईल तिचा. चार्ज करशील तेव्हा आधी तो कर.